दिसणारे वय आणि लिहिलेले वय

१८७५ च्या सुमारास दापोली तालुक्यातल्या मुरुड गावचा एक मुलगा सोबत्यांबरोबर पायी साताऱ्याला निघाला. अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटरच्या घरात. मध्ये सह्याद्रीचा घाट. साताऱ्याला सरकारी परीक्षा द्यायची होती. मजल दरमजल करत मुलगा पोचला, समितीपुढे उभा राहिला आणि परीक्षेला न बसताच परत फिरवला गेला. जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे हिशोबाने सतरा वर्षे पुरी झालेली. पण अंगकाठी लहान आणि चेहरा कोवळा. समोरच्या अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिले आणि हा एवढ्या वयाचा दिसत नाही, असा निकाल दिला.

त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. पुढे महाराष्ट्राने त्यांना महर्षी म्हटले, १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि १९६२ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षात त्यांचे निधन झाले. साताऱ्याची ती निराशा त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. पण त्या प्रसंगात एका माणसाच्या दुःखापेक्षा मोठा असा एक प्रश्न आहे, आणि तो भारतीय दर्शनांनी दोन हजार वर्षे घोळवला आहे. डोळ्याला दिसणारे आणि शब्दाने सांगितलेले यांच्यात तंटा पडला, तर कौल कुणाला द्यायचा?

आज त्याच मुरुडमध्ये हा प्रश्न घराघरापुढे चार चाकांवर उभा आहे.

मुरुड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या पट्ट्यात अशी पुष्कळ घरे आहेत, जिथली गाडी वर्षातून थोडीच पळते. मालक मुंबईला किंवा पुण्याला. गाडी वाडीत, झावळ्यांच्या किंवा पत्र्याच्या मांडवात. गणपतीत, शिमग्याला, मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत ती बाहेर निघते. एरवी कुणीतरी नातलग आठवड्याने दापोलीपर्यंत फेरी मारून आणतो. आठ-नऊ वर्षांत पंधरा-वीस हजार किलोमीटरसुद्धा होत नाहीत. अशा गाडीचा टायर पाहिला तर नक्षी जवळजवळ नव्यासारखी खोल दिसते. अंगठा खाचेत घातला तर आत जातो. पंक्चर काढणाराही चटकन सांगून टाकतो की टायर मस्त आहे, अजून खूप चालेल. डोळ्याचा निकाल असा लागतो.

आता तोच टायर जवळून पाहावा. उकिडवे बसावे, ओल्या फडक्याने बाजूची भिंत पुसावी. चिखल आणि लाल धूळ निघाली की काळ्यावर काळी उठलेली अक्षरे दिसू लागतात. नुसती नजर टाकून ती वाचता येत नाहीत. मोबाइलचा दिवा तिरपा धरावा लागतो, मग प्रत्येक अक्षराची सावली पडते. कंपनीचे नाव मोठे असते, ते दुरूनही दिसते. रिमच्या जवळ, बारीक अक्षरांत, डीओटी या तीन रोमन अक्षरांपासून सुरू होणारी एक ओळ असते, आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार अंक. समजा ते १८१६ आहेत. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१६ सालचा अठरावा आठवडा, म्हणजे मे महिन्याची सुरुवात. टायर तेव्हा साच्यातून बाहेर आला.

साताऱ्याला जे झाले तेच इथे होते. कर्व्यांचा चेहरा वयापेक्षा कोवळा होता, टायरचाही चेहरा वयापेक्षा कोवळा आहे. दोन्ही ठिकाणी डोळा एकाच दिशेने चुकतो. फरक परिणामाचा आहे. साताऱ्यात एका हुशार मुलाची संधी गेली. इथे घाटाच्या वळणावर जीव जाऊ शकतो.

रबर वापराने झिजते हे सगळ्यांना ठाऊक असते. ते न वापरताही म्हातारे होते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. हवेतला ऑक्सिजन रबराच्या आतपर्यंत झिरपतो आणि त्याचा लवचीकपणा हळूहळू काढून घेतो. ओझोन पृष्ठभागावर बारीक भेगा पाडतो. ऊन आणि उष्णता ही दोन्ही कामे झपाट्याने करवतात. कारखान्यात रबरात मेण आणि संरक्षक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, उसळतो तेव्हा ती पृष्ठभागाकडे येत राहतात आणि त्याला जपतात. महिनोन्महिने एका जागी उभ्या असलेल्या टायरला हे जपणेही पुरेसे मिळत नाही. नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. रबर कडक झाले की त्या पट्ट्यांवरची त्याची पकड सुटू लागते. सगळे आत चालते, बाहेरून नक्षी तशीच. कितीही बारकाईने पाहिले तरी डोळ्याला ते दिसत नाही.

याचा सर्वांत दुःखद दाखला इंग्लंडमधला आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची एक बस सरे परगण्यात रस्ता सोडून झाडावर आदळली. तिघे गेले. तपासात आढळले की फुटलेला पुढचा टायर एकोणीस वर्षांहून जुना होता. ज्या बसला तो लावला होता, त्या बसपेक्षाही त्याचे वय जास्त होते. नक्षी मात्र कायद्याने मागितलेल्यापेक्षा अधिक खोल होती, त्यामुळे डोळ्यांनी केलेल्या कुठल्याही तपासणीत तो टायर उत्तीर्ण झाला असता. मरण पावलेल्या एका मुलाच्या आईने त्यानंतर अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस आणि मालट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावणे बेकायदा ठरले. त्या कायद्याने एका अर्थी असे मान्य केले की काही गोष्टींत डोळा साक्षीदार म्हणून अपुरा आहे आणि लिहिलेला शब्दच ग्राह्य धरला पाहिजे.

आपल्या दर्शनांत या वादाला प्रमाणविचार म्हणतात. प्रमाण म्हणजे खरे ज्ञान मिळवण्याचे साधन. चार्वाकांच्या मते साधन एकच, प्रत्यक्ष. दिसते तेवढे खरे. बौद्ध आणि वैशेषिक प्रत्यक्षाला अनुमानाची जोड देतात, पण शब्दाला स्वतंत्र आसन देत नाहीत. कुणाच्या सांगण्यावरून जे कळते, ते त्यांच्या मते अनुमानातच मोडते. सांख्य तीन प्रमाणे मानतात, नैयायिक चार, आणि दोघांच्याही यादीत शब्द हे वेगळे, स्वतःच्या पायावर उभे असलेले प्रमाण आहे.

शब्दाला प्रमाण मानणे म्हणजे आंधळा विश्वास, असा एक समज आहे. न्यायदर्शन वाचले की तो टिकत नाही. गौतमांनी न्यायसूत्रात शब्दप्रमाणाची व्याख्या करताना वाटेल त्याचे बोलणे धरलेले नाही. आप्ताचे सांगणे धरले आहे. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायन याचा खुलासा करतो: ज्याने ती गोष्ट स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो असेही म्हणतो की ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू आहे. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथातले हे वाक्य आजही थरारून टाकते. कुळ, पंथ, भाषा यांचा शब्दाच्या खरेपणाशी संबंध नाही. माहिती आणि सचोटी, एवढेच पाहायचे.

ही कसोटी टायरच्या दुकानात लावून पाहावी. काउंटरवरचा माणूस म्हणतो, माल ताजा आहे. त्याने टायर बनताना पाहिलेला नाही, आणि जुना साठा खपवण्यात त्याचे हित असू शकते. वात्स्यायनाच्या दोन्ही अटींत तो आपोआप बसत नाही. टायरच्या भिंतीवरचे चार अंक कसे उमटतात ते आता पाहावे. कच्चा टायर पोलादी साच्यात बसवतात आणि दाब व वाफेच्या उष्णतेने दहा-पंधरा मिनिटांत तो पिकवतात. साच्यातच आठवडा-वर्षाची एक छोटी पट्टी बसवलेली असते आणि ती दर आठवड्याला बदलतात. रबर पक्के होते त्याच क्षणी तारीख त्याच्या अंगात उतरते. मागाहून चिकटवलेला हा कागद नव्हे. मीमांसा या दर्शनात जैमिनींनी शब्द आणि अर्थ यांचे नाते जन्मजात मानले आहे. त्यांचा रोख वेदाकडे होता. तरीही वस्तूबरोबरच जन्मलेला शब्द म्हणजे काय, हे समजून घ्यायला या चार अंकांइतके साधे उदाहरण मिळणे कठीण.

आता दुसरी अट, सचोटीची. कारखानदारही माल विकायलाच बसलेला असतो. म्हणून इथे सचोटीची हमी कायद्यावर सोपवली आहे. भारतात २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने वाहनांच्या टायरना आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. मोटारगाडीच्या टायरवर त्या चिन्हाबरोबर आयएस १५६३३ हा मानकाचा क्रमांक दिसतो. खोटे छापले तर जाब विचारता येईल, अशी ती व्यवस्था आहे. छापील ओळ किती कामाची असते, ते अमेरिकेत दिसले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीला ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. नक्षीचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. संशय मुख्यतः इलिनॉयमधल्या डिकेटर इथल्या कारखान्यावर होता. आपला टायर त्याच कारखान्यातला का, हे लोकांनी डीओटीच्या ओळीतल्या कारखान्याच्या खुणेवरून ओळखले. एरवी कुणी न वाचलेली ती ओळ त्या वर्षी घरोघरी गुडघे टेकून वाचली गेली.

बोलणाऱ्याचे हित कुठे गुंतले आहे ते पाहावे, हा नैयायिकांचा आग्रह आपल्याकडच्या एका घटनेतही आठवतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. टायर फुटल्यामुळे हे झाले, असे बचावलेल्या चालकाने सांगितले. सकाळी तीच बातमी सगळीकडे गेली. परिवहन अधिकाऱ्यांनी जागेची पाहणी केली, तेव्हा टायर फुटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. घटना पाहणारा माणूस आप्त असेलच असे नाही. आरोप त्याच्यावरच येणार असेल तर त्याचा शब्द पारखून घ्यावा लागतो. इथे प्रत्यक्षाने, म्हणजे रस्त्यावरच्या खुणांनी, शब्दाला दुरुस्त केले.

म्हणजे कौल कायमचा एकाच बाजूला देता येत नाही. सरे परगण्यातल्या टायरपुढे डोळा हरला, सिंदखेडराजात डोळ्याने शब्दाला मागे सारले. प्रत्येक प्रमाणाचे आपले क्षेत्र आहे आणि ते ओळखणे हेच खरे काम. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाचे सहावे प्रकरण शब्दखंडनाला दिले आहे. त्यात ते आधी शब्दाची थोरवी सांगतात. विसरलेल्याची आठवण करून देणारा, न दिसणारे दाखवणारा आरसा म्हणून त्याचा गौरव करतात. मग दाखवतात की जे स्वतःच स्वतःला प्रकाशित आहे, तिथे शब्दाला काही काम उरत नाही. त्यांचा विषय आत्मा आहे, टायर नव्हे. पण शब्दाच्या सामर्थ्याचा आदर आणि त्याच्या मर्यादेचे भान एकाच प्रकरणात बाळगता येते, हा धडा मराठी माणसाला त्यांनीच दिला आहे.

शब्द प्रमाण मानला की दुसरे काम सुरू होते, तो वाचण्याचे. यात मीमांसकांचा हात धरणारे कुणी नाही. चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे भागात १८८० साली जन्मलेले आणि दापोलीच्या शाळेत शिकलेले पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात मीमांसेच्या या अर्थनिर्णयाच्या नियमांना सविस्तर जागा दिली आहे. काण्यांनाही १९६३ मध्ये भारतरत्न मिळाले. मीमांसक म्हणतात, वाक्य समोर आले की आधी पाहावे: हा विधी आहे, निषेध आहे, की नुसती माहिती? मग अर्थ लावताना सहा गोष्टींचा आधार घ्यावा. श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या. म्हणजे शब्द साक्षात काय म्हणतो, त्यातून काय सुचते, त्याचा शेजार कोणता, विषय कोणता चालला आहे, तो कुठल्या जागी आला आहे, आणि त्याचे नाव काय.

टायरच्या भिंतीवरचे मुख्य सूत्र घ्यावे. अनेक लहान गाड्यांवर ते असे असते: १६५/८० आर १४ ८५ टी. हे सूत्र भाष्याशिवाय मुके आहे. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही उंची नव्हे, रुंदीच्या तुलनेत भिंतीच्या उंचीची टक्केवारी. १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची मांडणी. १४ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच नांदतात. कुठला अंक कशाचा, हे केवळ जागेवरून ठरते. मीमांसक ज्याला स्थान म्हणतात ते हेच. ८५ हे किलो नव्हेत, तो भाराचा सांकेतिक क्रमांक आहे. त्याचा अर्थ एका टायरला ५१५ किलो. चार टायरचे मिळून २०६० किलो. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरची मर्यादा. याच ठिकाणी एस असेल तर १८०, एच असेल तर २१०.

नवा टायर घेताना हे भाष्य पाठ असलेला माणूस फसत नाही. दुकानात १६५ चा टायर नसेल आणि १८५ चा घालून देतो असे कुणी म्हणाले, तर तो विचारील की पुढचा आकडा किती. १६५/८० आर १४ या चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. १८५/६५ आर १५ चा जवळजवळ ६२२. रिम वेगळी, रुंदी वेगळी, तरी चाक तेवढेच. म्हणून एकाच गाडीच्या स्वस्त आणि महाग नमुन्यांवर अशी दोन मापे कंपनीच देते. पण रुंदी वाढवून टक्केवारी तशीच ठेवली, तर चाक मोठे होते, स्पीडोमीटर कमी वेग दाखवू लागतो आणि वळणावर चाक आतल्या पत्र्याला घासू शकते. भाराचा क्रमांक मूळ टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नये. मे महिन्यात पाच माणसे आणि डिकीत आंब्याच्या पेट्या घेऊन खेडकडे घाट उतरताना हा आकडा कागदावरचा राहत नाही.

विधी आणि माहिती यांतला फरक न कळल्याने होणारी चूक सर्वांत जास्त हवेच्या बाबतीत होते. भिंतीवर कमाल दाब लिहिलेला असतो, उदाहरणार्थ ४४ किंवा ५१ पीएसआय. काही जण तो वाचून तेवढी हवा भरायला सांगतात. तो विधी नाही, सीमा आहे. एवढ्यापलीकडे जाऊ नये, इतकेच तो सांगतो. या गाडीत किती हवा भरावी हा विधी दुसऱ्या ठिकाणी लिहिलेला असतो, चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत. बहुतेक लहान गाड्यांना तो तिशीच्या आसपास असतो. भिंतीवरचा शब्द टायरविषयी बोलतो, दाराजवळचा गाडीविषयी. दोघांचे प्रकरण वेगळे. याउलट, बाणाबरोबर रोटेशन किंवा बाजूला आउटसाइड असे लिहिले असेल तर ती नुसती माहिती नव्हे. टायर त्याच दिशेने फिरला पाहिजे, ती बाजू बाहेरच आली पाहिजे, असा स्पष्ट विधी आहे.

शब्द वाचून झाला तरी प्रत्यक्ष आणि अनुमान यांना रजा मिळत नाही. तारीख टायरचा जन्म सांगते, त्याचे आयुष्य सांगत नाही. खड्ड्यात आदळून भिंतीला फुगा आला असेल, तर टायर कितीही नवा असो, तो बदललाच पाहिजे. तो फुगा डोळ्यालाच दिसतो. नक्षीच्या खाचांत मधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात आणि त्यांची जागा दाखवायला भिंतीवर टीडब्ल्यूआय अशी अक्षरे किंवा त्रिकोण असतो. झीज त्या उंचवट्यांशी समतल झाली की फक्त १.६ मिलिमीटर खोली उरली, असे समजावे. शब्द बोट दाखवतो आणि डोळा पाहतो, असे हे दोघांचे एकत्र काम. नक्षी मध्येच जास्त झिजली असेल तर हवा जास्त भरली जाते, दोन्ही कडांना झिजली असेल तर कमी, एकाच कडेला झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडले आहे. हे अनुमान. मुरुडसारख्या गावात उभ्या असलेल्या गाडीच्या टायरवर भिंत आणि नक्षी यांच्या सांध्यात केसासारख्या भेगा दिसू लागल्या, तर धुरावरून अग्नी ओळखावा तसे आतले वय ओळखावे.

वयाची मर्यादा किती, या प्रश्नाला कायद्याने खासगी मोटारीसाठी आपल्याकडे सरळ आकडा दिलेला नाही. मोठे टायर कारखानदार सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि दिसायला कितीही चांगला असला तरी बनल्यापासून दहा वर्षांनी काढावा. स्टेपनीलाही हाच नियम. डिकीतली स्टेपनी एकदाही रस्त्याला न लागता म्हातारी होते.

पुन्हा कर्व्यांकडे यावे लागते, कारण मुरुडने त्यांना या प्रश्नाची दुसरी बाजूही दाखवली. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, आणि मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. साताऱ्यात शब्द सोडून डोळ्यावर विसंबले गेले होते. इथे शब्दाचा आधार घेतला गेला, पण तो शब्द वाचायची तयारी नव्हती. शास्त्रात नाही, एवढे पुरे. खरे तर शास्त्रात काय आहे याचाच वाद तेव्हा चालू होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये पराशरस्मृतीच्या आधाराने विधवाविवाहाचे समर्थन केले. १८५६ मध्ये कायदा झाला. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला आणि १८७० साली पुण्यात शास्त्री-पंडितांचा जाहीर वाद झाला. निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. पण सुधारकांनी शब्दप्रामाण्य झुगारले नव्हते. कुठले वचन विधी, कुठले नुसती माहिती, कुठल्या काळाला कुठले लागू, हे मीमांसेचेच प्रश्न त्यांनी विचारले होते. शब्दावरची खरी निष्ठा शब्द वाचण्यात असते. न वाचता त्याची शपथ घेणे ही त्याची अवहेलना आहे.

या सगळ्याला एक नैतिक बाजू आहे, आणि ती सर्वांत महत्त्वाची. गाडी निघताना मागे बसलेली आई विचारते, गाडी नीट आहे ना रे? चालवणारा म्हणतो, हो, ठणठणीत आहे. ती निर्धास्त होते. तिने टायर पाहिलेला नाही, ती पाहणारही नाही. तिला जे ज्ञान झाले ते केवळ शब्दाने. त्या क्षणी चालवणारा तिच्यासाठी आप्त झाला, न्यायशास्त्राच्या नेमक्या अर्थाने. वात्स्यायनाची कसोटी आता त्याला लागू होते. त्याने ते स्वतः साक्षात जाणले आहे का? त्याने कधी खाली बसून ती ओळ वाचली का? वाचली नसेल तर त्याची सचोटी कितीही असो, पहिली अट पुरी होत नाही. तो खोटे बोलत नाही, पण त्याचा शब्द प्रमाण नाही. शब्दप्रामाण्याचा विचार आपण नेहमी ऐकणाऱ्याच्या बाजूने करतो, कुणावर विश्वास ठेवावा असे विचारतो. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी आपण आप्त आहोत का, हा प्रश्न त्याहून जड आहे. धर्म या शब्दाचा काही अर्थ रोजच्या जगण्यात असेल, तर तो अशाच ठिकाणी असला पाहिजे.

दसऱ्याला मुरुडमध्येही, साऱ्या महाराष्ट्रात होते तशी, गाडीची पूजा होते. गाडी धुतात, झेंडूचा हार घालतात, हळदीकुंकू वाहतात आणि चाकाखाली लिंबू ठेवतात. लिंबू ठेवायला वाकावेच लागते, आणि वाकले की डोळे टायरच्या भिंतीसमोर येतात. यंदा लिंबू ठेवण्याआधी ओल्या फडक्याने ती भिंत पुसा. चार अंक शोधा. बाहेरच्या बाजूला दिसले नाहीत तर निराश होऊ नका. पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असू शकते आणि कधी ती आतल्या बाजूला जाते. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि मागून पाहा. चारही चाकांचे आणि स्टेपनीचे अंक एका कागदावर लिहा, आणि तो कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवा.